आमच्याकडे त्याला उष्णता म्हणत

माझ्या कातडीला जे आहे त्याला डॉक्टर एक्झिमा म्हणतात, मराठीत इसब म्हणतात, आणि आमच्या घरी उष्णता म्हणत. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या खाली आणि हिवाळ्यात पापण्यांवर ते यायचं. आधी खाज, मग लाली, मग खाजवून पाणी सुटायचं आणि वाळलं की खपली धरायची. शेजारची बाई विचारायची, पोरीच्या हाताला काय झालं? आई तिथल्या तिथे सांगून टाकायची, "काही नाही वं, उष्णता हाय तिच्या अंगात. कैऱ्या खाते लय." मला कैरी आवडतसुद्धा नव्हती. रायपूरच्या उन्हाळ्यात हे कारण कोणालाही पटायचं. डिसेंबरातही आई तेच सांगायची, आणि लोक तेव्हाही मान हलवायचे. त्यांना माझ्या कोपराशी काय घेणंदेणं होतं?

घेणंदेणं होतं ते आईला. आमच्या भागात कातडीचे डॉक्टर होते, पण तिथल्या बाकावर ओळखीचं कोणी भेटेल म्हणून ती मला रिक्षात घालून पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, पंडरीला न्यायची. मलमाचं खोकं ती औषधाच्या दुकानाबाहेरच फाडून नालीत टाकायची आणि नुसती ट्यूब कमरेला खोचून घरी आणायची. घरी आलं की मात्र स्वतःच्या बोटानं, इतक्या हळू हातानं मलम लावायची की मला झोप लागायची. माझे कपडे वेगळे, माझं अंथरूण वेगळं असलं काही तिनं कधी केलं नाही. आम्ही दोघी एकाच टॉवेलनं तोंड पुसायचो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ती कोणाला कैदाशीण वाटेल. ती तशी नव्हती. माझ्या कातडीचं नाव मात्र तिला तोंडातून काढायचं नव्हतं.

बारावीत असताना एकदा मी भांडलेच. म्हटलं, एकदा कोणाच्या तरी समोर म्हण, माझ्या मुलीला इसब आहे. एवढं एकच वाक्य. मग मी तुझ्याकडे काही मागणार नाही. ती मेथी निवडत बसली होती.

"काहून म्हणू? तोंडातून काढलं का खरं होते."

"खरंच आहे ना पण ते!"

"हळू बोल," ती म्हणाली आणि खिडकीकडे पाहिलं.

बरं होण्याची आशा मला नव्हती. हे जन्मभर येत-जात राहणार, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. मला फक्त कोणीतरी चार लोकांसमोर माझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं, आणि ते कोणीतरी आईच असायला हवं होतं. वडिलांनी म्हटलं असतं तर चाललं नसतं. भावानं म्हटलं असतं तरी नाही.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. वडील रेल्वेत होते, गुढियारीकडच्या मालधक्क्यावर. त्यांना काही फरक पडला नाही, तीच पोती आणि तीच धूळ. पण बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत राजधानी शिरली. घरभाडी वाढली. भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांच्या बायका भाजीबाजारात दिसू लागल्या. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की 'मुलगा मंत्रालयात आहे' हे लोक असं सांगायचे, जणू मंत्रालय मुलाच्याच नावावर आहे. आणि पार्लरं निघाली. एखाद्या दुकानावरची खोली, जिन्याशी रंगवलेला बाण, दारावर नथ घातलेल्या नवरीचं पोस्टर आणि आत एक पडदा, की झालं पार्लर.

आमच्या मराठी बायकांचं पार्लर ठरलेलं होतं. लग्न होऊन अकोल्याहून आलेल्या एक बाई ते चालवायच्या. सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. महिला मंडळातल्या झाडून सगळ्या बायका भुवया कोरायला त्यांच्याकडे जायच्या, आणि त्या खुर्चीवर कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळं निघायचं. त्यातून एक पद्धतच पडून गेली होती. एखादी मुलगी कोणाला सांगून आली की मुलाकडची एखादी बाई भुवयांच्या निमित्तानं ताईंकडे जायची आणि सहज विचारायची, "ती अमक्यांची पोरगी कशी हाय हो? तुम्ही तर जवळून पाहिली असन." ताईंनी मुलीला ट्यूबलाइटखाली, पावडर पुसून पाहिलेलं असायचं. लोक पत्रिका गुरुजींना दाखवत आणि चेहऱ्याचं ताईंना विचारत.

मी तेव्हा शिकून एका शाळेत नोकरीला लागले होते. मंत्रालयातला एक मुलगा सांगून आला. त्याची मावशी आमच्याच मंडळातली होती, तिनंच आणलं होतं स्थळ. पत्रिका छान जुळली, आणि रविवारी पाहायला यायचं ठरलं. गुरुवारी मी शाळेतून आले तर आई साडी बदलून बसलेली.

"चाल. ताईकडे जाऊ. फेशियल करून घेऊ तुले."

मला धडकी भरली. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या पार्लरमध्ये जाऊ, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. तिथे निदान सांगता तरी येईल की कातडी नाजूक आहे, हे लावू नका, ते लावू नका.

"ताईकडेच जायचं. मावशी तिले विचारल्याशिवाय राहते काय? ताईनं आपल्या तोंडानं सांगितलं का पोरीचा चेहरा साफ हाय, मंग काय पाहिजे आपल्याले?"

"आणि कानाखालचं?"

"केस मोकळे सोडून बसजो."

फेशियलला केस मोकळे सोडून बसायचं! आईनं स्वतः जन्मात फेशियल केलं नव्हतं. तिथे सगळ्यात आधी केसांना पट्टा लावून चेहरा मटाराच्या शेंगेसारखा सोलून काढतात, हे तिला कुठून माहीत असणार? माझी फजिती तिच्या अज्ञानातच पक्की झाली होती. तरी मी गेले. का गेले, असं आजही कोणी विचारतं. त्या काळात, त्या घरात, रविवारी पाहुणे येणार असताना गुरुवारी 'नाही' म्हणून दाखवावं कोणी, मग मला विचारावं.

ताईंनी खुर्ची मागे टेकवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काही ॲलर्जी-बिलर्जी? चेहऱ्याले काही लागत असन तर ब्लीच नाही करत मी."

मी तोंड उघडलं होतं. आई स्टुलावरून म्हणाली, "नाही हो ताई, हिची स्किन पहिलेपासूनच छान हाय."

ताईंनी पट्टा लावला आणि केस मागे ओढले. माझ्या दोन्ही कानांखाली लाल, खरखरीत चट्टे होते. त्यांचा हात थांबला. आरशात माझी आणि त्यांची नजर भेटली. मी वाट पाहिली की त्या पुन्हा विचारतील. बाईला दिसत होतं, कळत होतं, धंदाच तिचा तो. पण गिऱ्हाइकाची आई म्हणते छान, तर छान. त्यांनी वाटीत पावडर टाकली, क्रीम टाकलं आणि कालवायला लागल्या.

ब्लीचचा वास नाकात गेला तसं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गालांवर आधी थंड वाटलं. मग मुंग्या आल्या आणि मग तव्याचा चटका बसावा तसं झालं. फरक एवढाच की तव्यावरून हात काढून घेता येतो.

"जळून राहिलं," मी म्हटलं.

"चुणचुणणारच थोडं," ताई म्हणाल्या. "चुणचुणलं म्हणजे लागू पडून राहिलं."

"खूप जळून राहिलं. काढा."

आईनं माझं मनगट धरलं. प्रेमानं धरलं, ताप आलेल्या लेकराचं धरतात तसं, आणि दाबून ठेवलं. "सहन कर वं थोडं. दोन मिनिटाचं तर काम."

ब्लीच पुसल्यावर त्यांनी अक्रोडाच्या सालीचा स्क्रब घेतला आणि करपलेलं पातेलं घासावं तसे माझे गाल घासले. मग वाफ. मग मसाज, मग सोनेरी रंगाचा कसला तरी लेप. मला किंचाळायचं होतं. मी आईचा हात नखं रुतेपर्यंत आवळला, आणि तिला वाटलं मी धीर धरतेय. शेवटी आरसा समोर धरला तेव्हा माझं तोंड लालभडक होऊन चमकत होतं.

"पाह्य, कसा ग्लो आला!" आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ग्लो सुजला. सकाळी उठले तर पापण्या उघडेनात. गालांवर बारीक बारीक फोड आले होते आणि त्यांतून पिवळं पाणी झिरपत होतं. आईनं दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी कळवळा होता हे मी नाकारत नाही. पण कळवळ्याच्या मागे रविवार होता, तोही दिसत होता.

वडील म्हणाले, "डॉक्टरले दाखवून देऊ."

"असं तोंड घेऊन? रिक्षात बसवून? सारी गल्ली दारातच उभी हाय."

मग तिला जे सुचलं ते आमच्याकडच्याच बाईला सुचू शकतं. ती मागच्या दारानं गेली, कडुनिंबाची डहाळी तोडून आणली आणि पुढच्या दाराला बांधली. रायपुरात दाराला कडुनिंब दिसला की काही सांगावं लागत नाही. घरात माता आल्या आहेत. कांजण्या किंवा गोवर म्हणायचं नाही, माता आल्या म्हणायचं. घरात कोणी चपला घालून शिरत नाही, कोणी मोठ्यानं बोलत नाही. अंगावर फोड आलेल्या माणसात देवी उतरलेली असते, तिला राग येईल असं कोणी काही करत नाही. आईनं दुपारपर्यंत मावशींकडे निरोप धाडला, पोरीला माता आल्या, रविवारचं पुढे ढकलू.

मला हे कळलं तेव्हा मी आधी हसले. हसल्यावर गाल फाटल्यासारखे दुखले.

"ठीक आहे," मी म्हटलं, "सांगितलं ते सांगितलं. आता मलम दे."

"मातेत औषध लावत नसतात."

"आई, ही माता नाहीये!"

"हळू बोल."

मला वाटलं लोक येऊन गेले की ती ट्यूब काढेल. नाही काढली. कमाल म्हणजे भाऊ बाहेरगावी शिकायला, घरात आम्ही तिघंच, दारं बंद असतानासुद्धा तिनं वरणाला फोडणी दिली नाही, कारण माता घरात असताना फोडणी देत नाहीत. तिनंच रचलेलं खोटं, आणि स्वयंपाकघरात तीच त्याचे नियम पाळत होती. ती मला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायची, पाला घालून गार केलेल्या पाण्यानं अंग पुसायची आणि पुटपुटत हात जोडायची. वडील ते बिनफोडणीचं वरण मुकाट्यानं जेवत आणि पुढे मालधक्क्यावर जाऊन समोसे खात असावेत, कारण त्यांच्या शर्टाला वास यायचा. एकदा ते म्हणाले, "लावून दे ना तिले ते मलम." आईनं नुसतं पाहिलं. ते शर्ट घालून बाहेर निघून गेले. असे होते आमचे वडील.

आणि लोक यायला लागले. समोरच्या घरातली छत्तीसगढी आजी दाराशी लोटाभर पाणी ओतून म्हणाली, "हव, माता आए हे," आणि उंबऱ्याला डोकं टेकवून गेली. मंडळातल्या बायका नारळ घेऊन आल्या. माझ्या खाटेसमोर उभ्या राहून पदर पसरून नमस्कार करून गेल्या. त्या सगळ्यांना मी ओळखत होते. यांच्याच समोर मला उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कुर्ते घालावे लागायचे. ह्यातल्याच एकीनं माझा हात पाहून हळदीकुंकवाला आपल्या मुलीला माझ्या शेजारून उठवलं होतं. आता तेच तोंड, तेच फोड, तेच पाणी, आणि बायका पाया पडत होत्या. मला इतका संताप आला की वाटलं, उठून एकेकीच्या नारळाला लाथ मारावी. पण देवीनं लाथ मारली असती तरी त्यांनी तो प्रसादच मानला असता.

रविवारी, जेव्हा मुलगा यायचा होता त्याच वेळी, मुलाची मावशी आली. नारळ, उदबत्ती, खणसुद्धा. तिनं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "माते, लेकराले जास्त त्रास नको देऊ." मग उठून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पाहण्याचा कार्यक्रम झाला म्हणायचा माझा.

"कधी आल्या माता?" तिनं आईला विचारलं.

मी आईकडे पाहत राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मावशी समोर उभी होती, तिचा चेहरा मवाळ होता, मनानं वाईट बाई नव्हती ती. मला वाटलं, आता सांगेल. नाही म्हटलं तरी माझे डोळे सुजलेत, मला ताप आहे, आता ही थकली असेल. आई म्हणाली, "शुक्रवारी सकाळी."

माता बऱ्याच दिवसांनी शांत झाल्या, म्हणजे आईनं एक दिवस मला न्हाऊ घातलं आणि डहाळी काढली. तेव्हा कुठे मला पंडरीच्या डॉक्टरांकडे नेलं. गालातला पू पाहून डॉक्टर आईवर इतके ओरडले की बाहेरची पेशंट मंडळी गप्प झाली. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर दोन दिवसांत उतरलं असतं, ते म्हणाले. उजव्या गालाच्या हाडावर काळपट डाग राहिला तो आजही आहे. आई खाली मान घालून ऐकत होती. रिक्षात म्हणाली, "केवढ्यानं बोलतात हे डॉक्टर लोक."

आता आईच्या हुशारीचं फळ पाहा. माता म्हणजे लागणारी गोष्ट. मुलगी गुरुवारी ताईंच्या खुर्चीवर बसली आणि शुक्रवारी तिला माता आल्या, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. त्याच खुर्चीवर मग कोण आपलं तोंड टेकवणार? बायकांनी ताईंकडे जाणं सोडलं. लगीनसराईच्या तोंडावर पार्लर ओस पडलं. ताईंनी काही दिवस दम धरला आणि मग मंडळाच्या भिशीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माता नाही न फाता नाही. पोरीले इसब हाय. माझ्याकडे आली तेव्हाच कानाखाली चट्टे होते. मी डोळ्यानं पाहिले."

आई त्या भिशीत होती. ती उठून घरी आली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं रडेल.

"तू तिथं जळते-जळते करून तोंड वाकडं केलं नसतं," ती म्हणाली, "तर तिचं लक्षच गेलं नसतं."

हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

छान जुळलेली पत्रिका पुढच्या आठवड्यात जुळेनाशी झाली. मुलाला मी कधी पाहिलंच नाही, त्यामुळे त्याचं दुःख करण्याचा प्रश्न नव्हता. मला लागलं ते वेगळंच. जे वाक्य मी वर्षानुवर्षं आईकडे मागत होते ते शेवटी भरल्या भिशीत बोललं गेलं, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि बोलली कोण, तर जिनं डोळ्यांनी चट्टे पाहून माझ्या तोंडाला ब्लीच फासलं ती बाई. तेही आपली खुर्ची वाचवायला.

पुढे माझं लग्न झालं, भिलाईत. त्या माणसाला मी पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी, बाही वर करून कोपर दाखवलं. तो म्हणाला, खाज येते का? म्हटलं, येते. म्हणाला, मग नखं वाढवू नका. मी हो म्हटलं. पण बाही वर केली म्हणून आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भावाच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळी. मंत्रालय आता जिथे हललं आहे त्या नव्या रायपुरात ती नोकरी करते. मराठी समजतं तिला, पण उत्तर हिंदीतच देते. तिनं सलूनमध्ये आपल्याबरोबर आजीचं आणि माझंही बुकिंग करून टाकलं होतं. नव्या रायपुरात रस्ता एवढा रुंद की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही, आणि माणूसही क्वचितच असतं. त्या रस्त्याच्या कडेला काचेचं सलून. आत गारठा, मंद गाणी, एकसारखे काळे कपडे घातलेल्या मुली. आई गुडघे धरत आत शिरली आणि सोफ्यावर बसून छताकडे पाहत राहिली. आता ती थकली आहे. केस पार पांढरे झालेत.

मला एका खुर्चीवर बसवून एका मुलीनं गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळला. "मैम, कोई एलर्जी, कोई स्किन इश्यू?"

मी तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून आवाज आला, "नहीं बेटा, इसकी स्किन तो पहले से ही बढ़िया है."

एवढी वर्षं गेली, राजधानी जुन्या गावातून उठून माळरानावर आली, आणि ही बाई अजून त्याच स्टुलावर बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मुद्दाम मोठ्यानं, शेजारच्या दोन्ही खुर्च्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मुझे एक्ज़िमा है. ब्लीच नहीं, स्क्रब नहीं, भाप नहीं. सादा क्रीम लगा सको तो लगाओ."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं डोळ्यांवरची काकडी काढून माझ्याकडे पाहिलं. मुलगी आत जाऊन आपल्या मोठ्या मॅडमला विचारून आली. तोंडावर हसू तसंच होतं. "सॉरी मैम, फिर हम नहीं कर पाएंगे. वो फैलने वाला तो नहीं है ना?" आणि माझ्या गळ्याभोवतीचा टॉवेल तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरून काढला आणि टोपलीत न टाकता बाजूला फरशीवर सोडला.

तर हे असं आहे. लपवलं की भाजून काढतात आणि सांगितलं की चिमटीत धरतात. भाची कुजबुजली, "बुआ, रहने दो ना प्लीज़, सब देख रहे हैं." मी उठायला लागले.

तेवढ्यात आई उठली. तिला खाली वाकता येत नाही. देवघरातली फुलंसुद्धा ती उभ्यानं वाहते. सोफ्याचा हात धरून ती वाकली, फरशीवरचा टॉवेल उचलला, झटकला आणि त्यानं आपलं तोंड पुसलं. कपाळ, डोळे, गाल, मान, सगळं सावकाश, अंघोळीनंतर पुसतात तसं.

"फैलता होता तो मेरे को कब का हो जाता," ती त्या मुलीला म्हणाली. आवाज चांगला मोठा होता. "मेरी बेटी को इसब है. बचपन से है. हम दोनों एक ही टॉवेल से मुँह पोंछते थे. समझी?"

मुलगी "जी आंटी" म्हणाली. ती बिचारी वीस-बावीस वर्षांची, तिला काय कळणार की तिच्यासमोर काय झालं.

आम्ही दोघी बाहेर येऊन पायरीवर बसलो. भाची आत राहिली, तिचा साखरपुडा होता. समोरच्या रस्त्यावर एक बससुद्धा नव्हती. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता काहून तोंड पाडून बसली? म्हटलं ना मी? झालं ना तुझं समाधान?"

मी हो म्हटलं. समाधान झालं नव्हतं. रडू यायला हवं होतं, तिच्या गळ्यात पडायला हवं होतं, आणि मला आला तो राग. कारण ते वाक्य किती लहान आहे हे मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकत होते. बोलायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही. ताईंच्या पार्लरमध्येही एवढंच पुरलं असतं. खाटेजवळ मावशी उभी होती तेव्हाही एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं मला देवी केलं.

टॉवेल तिच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मी म्हटलं, दे, आत नेऊन देते.

"राहू दे," ती म्हणाली. "ते थोडीच वापरणार हायेत तो आता." आणि तिनं त्याची नीट घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली.